पुढच्या मालकासाठी

लाखांचं घड्याळ बाळगणारा माणूस ओळखायचा कसा? तो दुसऱ्याला वेळ विचारतो. आमचे रिसेलराव रोज सकाळी सोसायटीच्या गेटापाशी मला गाठतात, माझ्या मनगटाकडे वाकून बघतात आणि म्हणतात, "किती झाले हो?" त्यांचं स्वतःचं घड्याळ असतं बँकेच्या लॉकरमध्ये. स्टीलचं रोलेक्स सबमरीनर. १९५३ साली हे मॉडेल निघालं ते खोल समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी. रिसेलरावांच्या घड्याळाला अजून पुण्याच्या पावसाचा थेंब लागलेला नाही.

आणि का लागू द्यायचा? ते घड्याळ त्यांचं नाहीच. ते पुढच्या मालकाचं आहे.

हा पुढचा मालक कोण, कुठला, जन्माला तरी आलाय का, कोणालाच ठाऊक नाही. पण त्या घरात त्याचा जेवढा मान राखला जातो तेवढा जावयाचाही राखला जात नाही. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीची एक गाजलेली जाहिरात आहे. तिचा आशय असा, की आमचं घड्याळ तुमच्या मालकीचं कधी होतच नाही, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते नुसतं सांभाळता. ती वाचून लोक हळवे होतात. रिसेलरावांनी तिच्यातली पिढी काढली आणि तिथे गिऱ्हाईक बसवलं.

मग हे लोण घड्याळापुरतं कसं राहील? गाडीच्या सीटांवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच आहे. उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी बसून हिंजवडीपर्यंत जाणारा माणूस उतरताना पाठीला सीट घेऊनच उतरतो. घरात भिंतीला खिळा नाही. आईवडिलांचे फोटो कपाटावर भिंतीला टेकवून उभे. का, तर पुढच्या मालकाला भोकं दिसतील. माळ्यावर मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक वस्तूचा रिकामा खोका आहे, थर्माकोलसकट. हिवाळ्यात रजया काढायच्या म्हटल्या तर आधी खोके उतरवावे लागतात.

"माझी पत्रिकासुद्धा यांनी फाइलला लावून ठेवलीय," काकू एकदा चहा देता देता म्हणाल्या. "माझे पेपर्स!"

रिसेलराव हसले नाहीत. पेपर्स हा त्यांच्या लेखी हसण्याचा विषय नव्हे. घड्याळांच्या फेरविक्रीत 'फुल सेट' म्हणजे घड्याळ, खोका, वॉरंटी कार्ड, पुस्तिका आणि पट्टा आखूड करताना काढलेल्या कड्या. यातलं एक जरी गहाळ असलं तरी भाव खाली येतो. त्या कड्या त्यांनी एका पुरचुंडीत बांधल्या आहेत. त्यांच्या मुंजीतली लंगोटी कुठे गेली हे त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं, पण कड्या आहेत.

त्यांचं अर्थशास्त्र मात्र पक्कं आहे, हे कबूल करायला हवं. ते सांगतात, की बहुतेक महागडी घड्याळं दुकानाची पायरी उतरली की पडतात. चढतात ती मोजकी: रोलेक्सची काही स्टीलची स्पोर्ट मॉडेलं, पाटेकचं नॉटिलस, ऑडेमार पिगेचं रॉयल ओक. कारण सरळ आहे. माल थोडा, मागणारे फार. पैसे हातात घेऊन गेलात तरी आधी यादीत नाव लावायचं आणि मग दुकानाच्या मर्जीत राहायचं. ज्याला थांबवत नाही तो बाहेर जास्त मोजतो. पाटेकने २०२१ साली नॉटिलसचं ५७११ हे स्टीलचं मॉडेल बंद केलं, तेव्हा ते बाहेर छापील किमतीच्या कित्येक पटींनी विकलं जात होतं. त्या दिवसांत रिसेलराव वर्तमानपत्राआधी भाव बघायचे. २०२२ मध्ये बाजार उतरू लागला आणि त्यांच्या घरी श्रीखंड बंद झालं. घड्याळ ना घेतलं होतं त्या भावात, ना विकायचं होतं. पण सुतक पाळलं.

हे स्टीलचं माहात्म्य त्यांच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. बाई सराफकट्ट्यावर वाढलेल्या. सोन्याची महागडी घड्याळं पुष्कळदा छापील किमतीच्या खाली विकली जातात आणि त्याच कंपनीचं स्टीलचं वर जातं, हे जावयाने त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लेकीला आत बोलावून विचारलं, "यांचं ऑफिसात सगळं ठीक आहे ना?"

माझं घड्याळ एचएमटी. १९६१ साली बेंगळुरूला कारखाना निघाला, २०१६ साली सरकारने ही घड्याळकंपनी बंद करायचं ठरवलं, आणि मधल्या काळात अर्ध्या महाराष्ट्राचे जावई तिच्यावर वेळ बघत होते. रिसेलरावांनी ते एकदा हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि निदान केलं, "डायल नंतर रंगवलेली आहे. किंमत शून्य."

"वेळ बरोबर दाखवतं," मी म्हणालो.

"वेळेला रिसेल नसतो."

मी चिडून पॉल न्यूमनचा दाखला काढला. हॉलिवूडचा हा नट आणि मोटारशर्यतींचा वेडा. त्याचं रोलेक्स डेटोना बायकोने दिलेलं, आणि मागच्या झाकणावर गाडी जपून चालव अशी तंबी कोरलेली. त्याने ते वर्षानुवर्षं वापरलं आणि एके दिवशी मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलर आले. वापरलेलं, वर बायकोचा उपदेश कोरलेलं घड्याळ! मी विजयी मुद्रेने बघितलं.

"बरोबर आहे," रिसेलराव म्हणाले. "पण तो पॉल न्यूमन होता. तुम्ही महापालिकेत होतात."

काकूंनी एकदा हट्टच धरला, की दिवाळीत पाडव्याला तरी ते घड्याळ घाला. रिसेलराव लॉकरमधून घेऊन आले. आपोआप चावी बसणारं हे यंत्र हातावर नसलं की दोन-तीन दिवसांत थांबतं, त्यामुळे तारखेच्या खिडकीत अजून गणपती होते. त्यांनी काटे लावले, घड्याळ घातलं, ओवाळून घेतलं. पण निरांजनाचं ताम्हन जवळ आलं तसा हात मागे घेतला. तेलाचा थेंब उडाला तर पुढचा मालक काय म्हणेल?

एवढं सांगून थांबलो तर माझंही बरं झालं असतं. पण सी विंगमधल्या मावशींची गोष्ट सांगणं भाग आहे.

मावशींचे यजमान गेले. कुवेतला नोकरीत असताना घेतलेलं त्यांचं ओमेगा कपाटात होतं. नातीची फी भरायची म्हणून मावशी ते घेऊन एका दुकानात गेल्या. तिथे मिळालेला आकडा त्यांनी लिफ्टमध्ये सांगितला आणि रिसेलराव आपला मजला विसरून त्यांच्यासोबत वर गेले. पहिली गोष्ट केली ती म्हणजे पॉलिश करून घ्यायला मनाई. पॉलिशने कडा झिजतात आणि जाणकार हात आखडतो. मग कपाटातला कागद न् कागद बघितला. वॉरंटी कार्ड सापडलं विम्याच्या फाइलमध्ये, दुरुस्तीच्या पावत्या रेशनकार्डाच्या पिशवीत, कड्या शिवणाच्या डब्यात. मुंबईला खेपा घातल्या. फोर्टातल्या एका व्यापाऱ्याशी ते चहा न घेता भांडले. पहिल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त रक्कम आणून मावशींच्या हातात ठेवली आणि गाडीभाडंसुद्धा घेतलं नाही. वर मावशींनी दिलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा घासून परत केला, झाकणासकट.

पण घड्याळ द्यायच्या आदल्या संध्याकाळी ते मावशींसमोर वही घेऊन बसले होते, हे मला काकूंकडून कळलं. कुठे घेतलं, कोणत्या पगारातून, काचेवर तो ओरखडा कसा पडला. मावशी सांगत होत्या, की मुलगी झाल्याची तार आली तेव्हा घाईत हात दारावर आपटला. रिसेलरावांनी तेही लिहिलं. बारीक अक्षरात दोन पानं, आणि ती खोक्यात घातली. मावशी म्हणाल्या, हे कशाला? तर म्हणे, "पुढच्या मालकाला कळायला नको, हे कोणाच्या हातावर होतं ते?"

हे ऐकल्यावर मला त्यांच्यावर रागावणं जड जाऊ लागलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, "तुमच्या सबमरीनरसोबत काय लिहून ठेवणार?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग एकदम ताठ झाले.

"काहीच नाही," ते म्हणाले. "लिहिण्यासारखं काही घडलंच नाही त्याच्या बाबतीत. म्हणून तर भाव जास्त येणार."