मुक्काम पोस्ट घरच

घरी राहून सुट्टी घालवायची असेल तर पहिली अट ही, की ती कोणाला कळता कामा नये. काश्मीरला गेलेल्या माणसाला कोणी गहू निवडायला बसवत नाही. घरी असलेल्याला बसवतात. ‘नाहीतरी तू घरीच आहेस’ या एका वाक्यानं जितक्या रजा खाल्ल्या आहेत, तितक्या जगातल्या सगळ्या साहेबांनी मिळूनही खाल्ल्या नसतील. माळा उतरवला जातो. पंख्यांची पाती पुसायची निघतात. मिक्सरचं भांडं गळत असतं, बँकेतलं केवायसी राहिलेलं असतं आणि मावशीच्या मोतीबिंदूची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येते. सोमवारी माणूस ऑफिसात जातो तो विश्रांतीसाठी.

यंदा आमच्यावर हीच पाळी आली. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आमच्या साहेबांना ६० तास आधीसुद्धा रजेवर सही करवत नाही. उरलं तत्काळ. वातानुकूलित डब्यांचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. दोन्ही वेळा मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहिलं. फिरलं एवढं तेच.

“मग इथेच जाऊ,” बायको म्हणाली.

“इथे कुठे?”

“घरी. पण जायचं म्हणजे जायचं. बॅगा भरून.”

मला कल्पना आवडली. मी लगेच मे महिन्यातल्या आजोळच्या सुट्टीवर घसरलो. आंब्याच्या अढ्या, पत्त्यांचे डाव, गच्चीवर ओळीनं झोपलेली मावस-मामेभावंडं. त्या काळी सुट्टी घरीच असायची आणि काय मजा असायची, असं म्हणतोय तोवर आई वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाली, “तुमची असायची. आम्हाला पंधरा माणसांच्या पोळ्या, त्यात कुरडयांचा चीक, पापड, सांडगे. रात्री गच्चीवर गाद्या घाला, सकाळी उचला. शाळा कधी सुरू होतेय याची वाट तुमच्यापेक्षा मीच जास्त बघायचे.”

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी साहित्याचा आधार घेतला. झाविए द मेस्त्र नावाच्या एका फ्रेंच बोलणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं 1790 साली इटलीतल्या तुरिनमध्ये द्वंद्वयुद्ध खेळण्याचा उद्योग केला आणि शिक्षा म्हणून 42 दिवस त्याला खोलीतच डांबलं गेलं. पठ्ठ्यानं तेवढ्यात त्या खोलीचंच प्रवासवर्णन लिहिलं. पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून भिंतीवरच्या चित्रांपर्यंत, 42 प्रकरणं. घरबसल्या प्रवासाचा तो आद्य पुरुषच म्हणायचा.

“त्याचा स्वयंपाक कोण करायचं?” बायकोनं विचारलं.

“जोआनेत्ती नावाचा नोकर होता त्याच्याकडे.”

“मग बरोबर. नोकर असल्यावर मीही बेचाळीस प्रकरणं लिहीन.”

नियम त्या क्षणी ठरले. जोआनेत्ती कोण, हेही ठरलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला ‘बाहेर चाललोय’ म्हणून सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर बायकोनं तेच लिहिलं, त्यावर सेक्रेटरींचा अंगठा आला. मग खऱ्याखुऱ्या चाकांच्या बॅगा काढल्या. माणशी चार कपडे, एक टॉवेल, दाढीचं सामान, आईच्या गोळ्या, मुलीचा चार्जर. बाकीची कपाटं कुलूपबंद आणि किल्ल्या आईच्या बटव्यात. हे मला तेव्हा थिल्लर वाटलं होतं, पण सगळ्या योजनेत अक्कल असेल तर ती इथेच आहे. कपाट बंद झालं की इस्त्रीचा ढीग संपतो, ‘हे आवरायला हवं’ ही टोचणी संपते आणि रोज तेच दोन शर्ट घालूनही आपण गबाळे न वाटता प्रवासी वाटतो. शिवाय आम्ही मुलीच्या खोलीत झोपलो आणि मुलगी आमच्या. खिडकीतून रोजच्या जांभळाऐवजी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसली. त्याला आम्ही ‘व्ह्यू’ म्हणालो.

स्वयंपाकघराचा विधी मात्र गंभीर होता. बायकोनं गॅसचा रेग्युलेटर बंद केला, ओट्यावर जुनी चादर पसरली आणि परीक्षेच्या हॉलमधून पर्यवेक्षक निघतात तशी ती मागे न बघता बाहेर पडली. चहा आणि नाश्ता एवढ्यापुरती चादर अर्धी दुमडायची परवानगी जोआनेत्तीला होती. दोन्ही जेवणं पोळीभाजी केंद्रातून. डोंबिवलीत जन्माला आल्याचे काही फायदे असतात. सकाळी मुंबई गाठून रात्री परतणाऱ्या नवरा-बायकोंच्या या गावाला पोळीभाजी केंद्रांनी जगवलं आहे. घडीच्या पोळ्या, मटकीची उसळ, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. केंद्रातल्या काकूंनी ओळखीचं हसून विचारलं, “काय, वहिनी गावाला गेल्या का?” मी म्हणालो, “हो. बरोबर मीही गेलोय.” त्यांनी दोन पोळ्या जास्त घातल्या.

पहिल्या सकाळी मी कांदेपोहे केले. गिऱ्हाईक म्हणून माझी आई किती वाईट आहे हे तेव्हा कळलं. “पोहे भिजवलेत की बुडवलेत?” असं तिनं विचारलं, आणि लिंबाची फोड मागवून घेतली. बायकोनं फक्त “कोथिंबीर संपलीय वाटतं इथली,” एवढंच म्हटलं. ‘इथली’ म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी माथेरानलाही पाहिलेला नाही.

दुपारी बेल वाजली. आम्ही चौघं हॉलमध्ये श्वास रोखून बसलो. बाहेर वर्गणीवाले असावेत. “गेलेत वाटतं कुठेतरी,” एक आवाज म्हणाला. “नशीबवान आहेत,” दुसरा म्हणाला. आपल्याच दाराआड बसून आपला हेवा ऐकण्याचं सुख कुठल्याही टूर कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतं.

स्थलदर्शनाचा दिवसही होता. कुठे जायचं यावर मुलीनं मॉल, आईनं देऊळ आणि मी झोप सुचवली. बायको म्हणाली, “सीएसएमटी.”

“मी रोज जातो तिथे!”

“म्हणूनच. सांगा बरं, दाराशी काय आहे?”

मेटल डिटेक्टर, असं मी म्हणालो आणि चर्चा संपली.

ज्या माणसानं उमेदीची वर्षं नऊच्या गर्दीत एका पायावर काढली आहेत त्यानं एकदा तरी साडेअकराच्या धीम्या लोकलनं जावं. आई आणि बायको हक्कानं लेडीज डब्यात गेल्या. मला खिडकी मिळाली. वाऱ्याची! आधी अपराधी वाटलं, दर स्टेशनला कोणाला तरी जागा द्यावी असं वाटे. पण द्यायला कोणी नव्हतंच. दिवा गेलं आणि मुंब्र्याचा डोंगर अंगावर आला. वर देवीचं देऊळ आहे हे ऐकून होतो, आता दिसलं. इतकी वर्षं त्या जागी मला एका अनोळखी गृहस्थांची काख दिसत आलेली होती. ठाण्याआधी खाडी आली, तिच्या काठची खारफुटी आली आणि ठाणं येताच माझे पाय सवयीनं उभे राहिले. मुलीनं शर्टाला धरून खाली बसवलं.

“बाबा, आपण टुरिस्ट आहोत.”

मग टुरिस्टला शोभेल असं मी तिला सांगितलं, की 16 एप्रिल 1853 ला याच ठाण्यापर्यंत बोरीबंदरहून पहिली गाडी आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, 14 डबे, सुमारे 400 पाहुणे आणि 21 तोफांची सलामी. मुलीनं हिशोब केला. आमच्या नऊच्या लोकलला तेवढी माणसं जवळजवळ एका डब्यात असतात. सलामी कोणी देत नाही.

सीएसएमटीला उतरल्यावर बायकोनं आम्हाला रस्ता ओलांडून पलीकडे नेलं आणि ‘वर बघा’ म्हणाली. बघितलं. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. एक विलायतचा, एक आपला. घुमटावर एक बाई उभी, उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. तिचं नाव प्रगती. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आखलेली ही इमारत 1878 मध्ये सुरू झाली आणि पुरी व्हायला दहा वर्षं लागली; 2004 मध्ये ती जागतिक वारशात गेली. मी तिच्याखालून पळत होतो तेव्हाही ती वारशातच होती, फक्त मला पाच छप्पन्न गाठायची असे. भिंतीवर दगडी मोर, माकडं, घुबडं बसलेली. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवलेली, असं बायको वाचून आली होती. आईला एक माकड आमच्या सेक्रेटरींसारखं दिसलं. मीही नीट पाहिलं. कपाळ तेच.

तिकीटघराच्या हॉलमध्ये छतावर चांदण्या आहेत. त्याखाली उभं राहून आम्ही फोटो काढत होतो, तर एका गृहस्थानं हिंदीत विचारलं, “कहाँ से आए हैं?” मी “डोंबिवली” म्हणणार तोच बायकोनं हात दाबला. “बहुत दूर से,” ती म्हणाली. त्यांनी अतिथी म्हणून आम्हाला वडापाव कुठे चांगला मिळतो ते दाखवलं. चांगलाच होता.

एक व्यवहारी सूचना. परतताना संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत लोकलच्या वाटेला जाऊ नये. त्या वेळात पर्यटन उरत नाही. आम्ही चारलाच गाडीत बसलो. लेडीज डब्यातून आईनं सहा क्लिपा, एक रुमालांचा जोड आणि कांजूरमार्गच्या एका बाईच्या सुनेची संपूर्ण हकीकत आणली.

शेवटच्या रात्री मी बॅग आवरली, कपाटांच्या किल्ल्या मागितल्या. आईनं बटवा उशाखाली सरकवला.

“तुझी रजा संपली ना? मग तू जा ऑफिसला. आम्ही दोघी राहतोय अजून आठवडाभर.”

“अगं, पण हॉटेल…”

“हॉटेल चांगलं आहे,” बायको म्हणाली. “नाश्ता मात्र साडेसातला लागतो ना हो? आणि पोहे नकोत रोज, उपमा बघा जमतोय का.”