थेंबे थेंबे तळे आटे

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये गाड्यांखाली ओले डाग दिसू लागतात, आणि डागाभोवती दोन-चार माणसं. फिरून परतणारे एखादे काका वाकतात, बोट लावतात, वास घेतात आणि निदान करून मोकळे होतात, "एसीचं पाणी आहे हो!" बहुतेक वेळा ते खरंही असतं. एसीचं पाणी निरुपद्रवी, वाळलं की मागमूस ठेवत नाही. रेडिएटरमधलं कूलंट मात्र हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत, वासाला गोडसर. स्वतः निघून गेलं तरी नळीच्या तोंडाशी पांढरट पापुद्रा ठेवून जातं. ते विषारी असतं, तेव्हा काकांचा उत्साह चव घेण्यापर्यंत जाऊ नये.

खरी तपासणी गॅरेजमध्ये होते. थंड इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण काढून मिस्त्री तिथे एक हातपंप बसवतो, झाकणावर लिहिलेला असतो तेवढा, म्हणजे साधारण एक बार दाब भरतो आणि मग काहीच करत नाही. काट्याकडे बघत बसायचं. काहीही न करता एका जागी बसावं आणि त्याला काम म्हणावं, असे प्रसंग या शहरात आता फार उरलेले नाहीत. काटा उतरू लागला की टॉर्च निघते. होजची क्लिप, वॉटर पंपाखालचं इवलं भोक, रेडिएटरच्या कडा, सगळं चाचपून होतं. बाहेर कुठे टिपूसही नाही आणि काटा तरी उतरतोच आहे, असं झालं की मिस्त्रीचा चेहराही उतरतो. पाणी आतल्या आत चाललेलं असतं. हीटरमधून मॅटखाली, नाहीतर हेड गॅस्केटमधून थेट सिलिंडरात. आतल्या आत गळणारी माणसंही अशीच. विचारलं तर "मजेत" म्हणतात.

पूर्वी हे सगळं उघड्यावर चाले. रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. कारागीर त्याची तोंडं बंद करून पाण्याच्या टाकीत बुडवायचा, हवा सोडायचा आणि बुडबुडे येतील तिथे डाग द्यायचा. आता ॲल्युमिनियमला प्लॅस्टिकची टोपणं. बिघडला की बदला. आमची प्रीमियर पद्मिनी मुंबईहून परतताना खंडाळ्याच्या चढाला हटकून तापायची. तिथे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या चोच वासून बसलेल्या तहानलेल्या पाखरांसारख्या दिसत. घाटातल्या शिंग्रोबाला नाणं वाहिलेलं असे, डिकीत पाण्याचा कॅन असे, आणि बारीक गळती बुजावी म्हणून रेडिएटरमध्ये चक्क हळद टाकणारे ड्रायव्हरही भेटत. जखम माणसाची असो की मोटारीची, औषध एकच. वडील वाफेकडे बघत उभे राहात, आई दशम्यांचा डबा उघडी. त्या सक्तीच्या अर्ध्या तासात दोघं जेवढं बोलत, तेवढं घरी आठवड्यातही बोलत नसत.

दाब राखणं आणि वेळेवर सोडणं, ही कला पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तेव्हा दाब हलका व्हावा म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले होते. रेडिएटरचं झाकण तेच काम करतं. दाब फार वाढला तर जास्तीचं पाणी शेजारच्या बाटलीत सोडतं, इंजिन निवलं की परत ओढून घेतं. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाखालच्या दाबात तेच 120 अंशांपर्यंत गप्प राहातं. पण झाकण निघालं की क्षणात उसळून अंगावर येतं. तेव्हा गळतीची शंका कितीही छळत असली, तरी इंजिन पूर्ण निवेपर्यंत त्या झाकणाला हात लावू नका.