साडेतीन टीमचे अण्णा

आयपीएलच्या दोन महिन्यांत अण्णांच्या घरी तीन भाषांत पराभव होतो. हैदराबाद हरलं की तेलुगूत, बेंगळुरू हरलं की कन्नडमध्ये आणि मुंबई हरली की मराठीत. जिंकल्याचा आवाज मात्र कुठल्याच भाषेत येत नाही, कारण एक टीम जिंकते तेव्हा बहुतेक वेळा दुसरी हरलेली असते.

असे अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात दर दुसऱ्या गल्लीत सापडतील. आमच्या शेजारचे त्यातले अस्सल. आजोबा हातमागाच्या मागोमाग तेलंगणातून आले, म्हणून घरची बोली तेलुगू. शाळा मराठी. काकू अक्कलकोटकडच्या, म्हणून स्वयंपाकघर कन्नड. त्यात सचिन तेंडुलकर हा कुलदैवतासारखा, त्यामुळं मुंबईला सोडणं शक्यच नव्हतं. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस. तीन देवांना नवस बोलला तर एक तरी पावेल, असा त्यांचा सरळ हिशेब. प्रत्यक्षात तीन देवांचा कोप एकाच घरावर झाला.

२००९ च्या अंतिम सामन्यात हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सनी बेंगळुरूला ६ धावांनी हरवलं. २०१६ साली पुन्हा तीच जोडी समोरासमोर. आता हैदराबादची टीम सनरायझर्स, आणि बेंगळुरू स्वतःच्याच मैदानावर ८ धावांनी हरलं. एकट्या विराट कोहलीनं त्या मोसमात ९७३ धावा काढायच्या आणि कप दुसऱ्यांनी न्यायचा, हे काकूंना मान्य नव्हतं. त्या रात्री अण्णांच्या ताटात फक्त कडक भाकरी आली. सोलापुरात कडक भाकरी हा आवडीचा पदार्थ असल्यामुळं ती शिक्षा होती की पाहुणचार, हे अण्णांना अजून कळलेलं नाही.

पण खरी परीक्षा २१ मे २०१७ ला झाली. तोवर मुलगी नोकरीला पुण्यात गेली होती. हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरची निम्मी पोरं पुण्यात नेऊन सोडली, त्यातलीच ती एक. तेव्हा अण्णांनी पुण्यालाही पदरात घेतलं. आणि अंतिम सामना कुणाचा? मुंबई विरुद्ध पुणे. कुठं? हैदराबादला! समोर दोन्ही टीम आपल्या, वर मैदानही आपलंच, असा योग पंचांगात शोधून सापडत नाही. अण्णांनी सकाळीच सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं. देवाकडं नेमकं काय मागितलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मुंबईच्या १२९ धावा झाल्या. पुण्याला शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर ४. आणि नेमकं तेव्हाच अंगणातून काकू ओरडल्या, “पाणी आलंय!” ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं या हाकेपुढं कुठलाही कप फिका. अण्णा दोन्ही हातांत घागरी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. एक पाय घरात, एक अंगणात. पुण्यानं दोन धावा पळून काढल्या, तिसरी घेताना फलंदाज धावबाद झाला. मुंबई एका धावेनं जिंकली.

“काय झालं, अण्णा?” मी भिंतीवरून विचारलं.

“हरलो की बे.”

“अहो, मुंबई जिंकली ना?”

“मुंबईला माणसं काय कमी हायती? त्यांचं त्ये बघून घेतील.”

अण्णांचं असंच आहे. जिंकलेल्या टीमशी त्यांचं नातं पाहुण्याचं, हरलेल्या टीमशी सुतकाचं. ३ जून २०२५ ला बेंगळुरूनं पंजाबला हरवून अखेर पहिला कप जिंकला. अठरा वर्षांची वाट संपली म्हणून काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. अण्णा पेढा हातात धरून म्हणाले, “पंजाबलाबी आजवर एकदा मिळाला न्हाई बे.” काकूंनी तो पेढा काढून घेतला.

या सगळ्यावर अण्णांकडं एक सिद्धांत आहे आणि तो ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. “पॉली उम्रीगर जन्मले कुठं? सोलापुरात. १९२६ साली. खेळले कुणाकडनं? मुंबईकडनं. भारताचं कसोटीतलं पयलं द्विशतक मारलं कुठं? हैदराबादला! १९५५ ला, न्यूझीलंडच्या विरुद्ध, २२३.” इथं ते बोटं मोजून दाखवतात. “आता सांग, मी कुणाच्या बाजूनं ऱ्हायचं? आमच्या पाण्यातच हाय बे त्ये.” पाणी उजनीचं येतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यात आणखी काय काय येतं, ते अण्णांमुळं कळलं.

जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर रणजीचा सामना आला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. अण्णा शेंगाचटणीचा डबा घेऊन हजर. पण सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी तेव्हा १९ वर्षांखालील भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. मोठं क्रिकेट गावात आलं आणि गावचं पोरगं समुद्रापलीकडं! तिसऱ्या तासाला अण्णा मणिपूरसाठी हळहळू लागले. “एवढ्या लांबनं आल्यात बिचारे...”

अर्शिन लखनौकडून आयपीएल खेळणार म्हटल्यावर लखनौही घरात आलं. ३० एप्रिल २०२४ ला तो पहिल्यांदा मैदानात उतरला, तोही मुंबईविरुद्धच. गल्लीतली सगळी पोरं अण्णांकडं जमली. अर्शिन पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. सामना लखनौनं जिंकला, म्हणजे मुंबई हरली. एका रात्रीत एक टीम जिंकली आणि अण्णा दोनदा हरले. “उम्रीगरबी कधीतरी शून्यावर गेले असतील की,” म्हणत त्यांनी टीव्ही बंद केला.

तुळजापूर तासाभरावर असल्यामुळं साडेतीनचा हिशेब आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू ही अण्णांची तीन पीठं. पुणे आणि लखनौ ही सोयरीक. मग अर्धं पीठ कुठलं?

२०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग नव्यानं सुरू झाली आणि तिच्यात चक्क सोलापूर रॉयल्स नावाची टीम होती. जन्मात पहिल्यांदा अण्णांना एकच बाजू मिळाली. त्यांनी ‘सोलापूर’ असं रंगवलेली टोपी करून घेतली. मग कळलं, अर्शिन नाशिककडून खेळतोय. त्यानं पुण्याविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ ठोकल्या, १३ षटकारांसह. अण्णा सोलापूरची टोपी घालून नाशिकसाठी टाळ्या वाजवत होते आणि फोनवर पुण्यातल्या लेकीची समजूत काढत होते. पुढच्या वर्षी यादीत सोलापूर नव्हतं. रॉयल्स होते, पण रायगडचे.

टोपी मात्र अजून आहे. उन्हाळ्यात ती घालूनच अण्णा घागरी भरतात. परवा मी म्हटलं, “अण्णा, ती टीम तर राहिली नाही. आता तरी काढा.”

अण्णांनी घागर खाली ठेवली, टोपी काढली, झटकली आणि पुन्हा नीट डोक्यावर बसवली.

“एवढी एकच टीम हाय बे माझी, जी आता हरत न्हाई.”