नळराजाचे वारसदार

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने जुगाराबद्दल उगाच खजील होण्याचं कारण नाही. आपल्या भागाची परंपराच तेवढी थोर आहे. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नरवर आहे. तिथला किल्ला नळराजाचा, असं तिकडे कोणीही सांगतो. गावाचं जुनं नावही नलपूर. हाच तो नळ, ज्याने भाऊ पुष्करासमोर फाशांवर अख्खं राज्य लावलं आणि नेसत्या वस्त्रानिशी दमयंतीला घेऊन रानाची वाट धरली. एवढं घालवणारा खेळाडू पुढे लास वेगासलाही फारसा झाला नसेल.

नई सडकेवरचे आमचे भाऊ हे या गादीचे विद्यमान वारसदार. दिवसा ते एका कार्यालयाच्या लेखा विभागात बसतात आणि शनिवारी रात्री स्वतःच्या बैठकीत पोकर खेळतात. त्यांच्यासमोर ‘जुगार’ म्हणायचं नाही. ‘पत्ते कुटणं’ तर नाहीच नाही. पोकर हा बुद्धीचा खेळ आहे. त्यात गणित आहे, मानसशास्त्र आहे, संयम आहे. या तिन्ही गोष्टी शाळा-कॉलेजात भाऊंच्या वाटेला गेल्या नव्हत्या, हे त्यांच्या आई सांगतात; पण आईंना ऐकू कमी येतं, असं भाऊंचं म्हणणं.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये पाच पानं हळूहळू उघडी. सातांतून पाचांची जुळणी ज्याची भारी, तो पैसे नेतो. किंवा ज्याच्या हातात काही नाही, पण चेहरा पाहून बाकीच्यांनी पानं टाकली, तो नेतो. या दुसऱ्या प्रकाराला ब्लफ म्हणतात. भाऊंचा ब्लफ फार प्रभावी आहे. अडचण एवढीच की, ब्लफ करताना ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसतात आणि हे टेबलावरच्या पाचही जणांना माहीत आहे. खरी पानं आल्यावर चष्मा पुसून सगळ्यांना फसवावं, असंही त्यांनी एकदा ठरवलं. पण खरी पानं आली की त्यांचा हात थरथरतो, आणि तेही पाचही जणांना माहीत आहे.

हे घरगुती टेबल तसं अलीकडे भरभराटीला आलं. आधी भाऊ मोबाईलवर खेळत. रात्री पांघरुणातून निळा उजेड दिसला की, वहिनी समजत, ‘स्पर्धा’ चालू आहे. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला जाग आली. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. कौशल्याचा असो की नशिबाचा, भेदभाव नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. पोकरबाजीसारख्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. खेळणाऱ्याला मात्र कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. तो बळी आहे, असं सरकारचं मत. भाऊंना शिक्षा चालली असती, हा ‘बळी’ त्यांना फार लागला. त्याच आठवड्यात त्यांनी प्लास्टिकच्या चकत्यांची पेटी मागवली, दिवाणावरची चादर टेबलावर आली आणि नई सडकेवर बुद्धीच्या खेळाचं पुनरुज्जीवन झालं.

टेबलाभोवती माणसंही विद्वान. एक प्राध्यापक, एक औषध कंपनीचा प्रतिनिधी, एक सी.ए., एक निवृत्त इंजिनिअर आणि एक भाचा, ज्याला ‘मामा, फक्त बघतो’ म्हणून बसवलं आणि जो दर शनिवारी जिंकून जातो. भाच्याला गणित येत नाही. तो वाईट पानं आली की टाकतो, चांगली आली की खेळतो आणि मधल्या वेळात कचोरी खातो. भाऊंच्या मते हे नवशिक्याचं नशीब. पहिल्या शनिवारपासून ते टिकून आहे.

आता कौशल्याचा हिशेब पाहा. हातात दोन एक्के यायची सरासरी २२१ वाटपांत एकदा. तासाला पंचवीस डाव धरले, तर दोन शनिवार जागावं तेव्हा एकदा. समोरच्याकडे दोन राजे असतील आणि दोघांनीही सगळं पुढे सारलं, तर एक्केवाला शंभरात सुमारे ८२ वेळा जिंकतो. म्हणजे १८ वेळा हरतो. या १८ पैकी एक वेळ भाऊंच्या वाट्याला आली की, तिचं नाव ‘बॅड बीट’. ती कथा शनिवारी रात्री सुरू होऊन बुधवारपर्यंत चालते. दूधवाल्यालाही ती पाठ आहे. पण राजे भाऊंकडे आणि एक्के प्राध्यापकांकडे असले आणि भाऊ जिंकले, तर ते नशीब नव्हे. तो ‘रीड’. त्यांनी प्राध्यापकांचा श्वास ओळखला होता.

“अहो, गेल्या शनिवारी किती गेले?” वहिनींनी एकदा पोहे ठेवता ठेवता विचारलं.

“गेले नाहीत गं, अडकलेत. व्हेरिअन्स म्हणतात त्याला.”

“मग गॅसवाल्याला तेच देऊ का?”

वहिनींची स्वतःची भिशी आहे. तिथे कोणी कोणाचा श्वास ओळखत नाही. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि प्रत्येकीला एकदा सगळी रक्कम मिळते. त्या खेळात कौशल्य अजिबात नाही, म्हणून बुडणारंही कोणी नाही.

पण भाऊंना कमी लेखू नका. त्यांच्या पाठीशी न्यायसंस्था आहे. साठच्या दशकाच्या शेवटी आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, असं कारण दिलं. तीन पत्ती मात्र त्याच निकालात निव्वळ नशिबात गेली. तेव्हापासून देशातला प्रत्येक पत्तेबाज सत्यनारायणाचा भक्त आहे. त्या प्रसादात पोकरचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीच्या जोडीला पोकरलाही जुगारातून वगळलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तोच खेळ जुगार ठरवला. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणालं, पोकर आणि रमी कौशल्याचे, आणि परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यांना फेरविचार करायला सांगितलं. ते प्रकरण होतं आग्र्याचं. म्हणजे नई सडकेवरून निघून चंबळ ओलांडली की, भाऊंची बुद्धी वाढते, आणि रतलामच्या पुढे गुजरातेत शिरलं की, त्याच पानांसकट ते जुगारी.

स्वतःच्या घरातली बाब आणखी नाजूक. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा अजून हयात आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्याच्या बाराव्या कलमात मोकळीक आहे. पण घरमालक खेळातून स्वतःचा फायदा काढत असेल, तर त्या घराला ‘जुगाराचा अड्डा’ म्हणावं, अशी व्याख्याही आहे. सी.ए. महाशयांनी हे वाचून दाखवलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा प्लेटकडे गेल्या. वहिनी पोह्यांचे पैसे घेत नाहीत म्हणून घराची अब्रू शाबूत आहे. मूळ कायद्यात अड्ड्यावर सापडलेल्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होता. भाऊंच्या टेबलावर बसायलाच त्याच्या पाचपट लागतात.

मोठ्या खेळासाठी गोवा. ग्वाल्हेरहून गोवा एक्स्प्रेस आहे. भुसावळ, पुणे, मिरज करत दीड दिवसात पोचवते. घरात सांगायचं कारण कुलदैवताचं. शांतादुर्गेला अभिषेक सकाळी, मांडवीतल्या जहाजावर पोकर संध्याकाळी. गोव्याचा जुगारविरोधी कायदा १९७६ चा. नव्वदच्या दशकात त्यात दुरुस्त्या झाल्या आणि पंचतारांकित हॉटेलं व पाण्यावरची जहाजं मोकळी झाली. २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. घरच्या माणसांना जपायचं आणि पाहुण्यांना पायघड्या घालायच्या, असं हे आतिथ्य. महाराष्ट्राचं धोरण आणखी संयमी. १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो एक दिवसही अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं हातातली पानं न उघडता बसायचं आणि शेवटी टाकून द्यायची! भाऊंनी या सरकारकडून शिकायला हवं.

मे संपत आला, इकडे नवतपा सुरू झाला, की तिकडे वाळवंटात पोकरची वर्ल्ड सिरीज सुरू होते. १९७० पासूनची ही जत्रा. लास वेगासची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे भाऊ आंघोळीआधी ‘चिप काउंट’ बघतात आणि ऑफिसला उशिरा पोचतात. त्यांचं दैवत ख्रिस मनीमेकर. टेनेसीचा हा हिशेबनीस शंभराहून कमी डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून २००३ मध्ये मुख्य स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर घेऊन बाहेर पडला. “तोही लेखा विभागातलाच,” भाऊ सांगतात. २०२४ मध्ये भारताच्या संतोष सुवर्णाने तिथे एका स्पर्धेत ५४ लाख डॉलर जिंकले, हेही सांगतात. त्या स्पर्धेची प्रवेश फी अडीच लाख डॉलर होती, हे सांगायला वेळ उरत नाही. त्याच वर्षी दहा हजार डॉलर भरून मुख्य स्पर्धेत १०,११२ जण बसले. बक्षीस साधारण पंधरा टक्क्यांना मिळतं. उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांकडेही कौशल्य असणारच. नाहीतर एवढ्या लांब कोण जाईल?

या सगळ्या धांदलीत कधीही न हरणारा एकच खेळाडू आहे आणि तो टेबलावर बसत नाही. तुम्ही जिंकलात, तर तो प्राप्तिकराचे ३० टक्के घेतो. हरलात, तर ते नुकसान जिंकलेल्या रकमेतून वजा करू देत नाही. कॅसिनोत पाऊल टाकलंत, तर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. मोबाईलवर तेच पाप, जहाजावर तेच पर्यटन. भाऊ ज्याला पोकर फेस म्हणतात, तो पाहायचा असेल, तर अर्थसंकल्पाचं भाषण ऐकावं.

सरकारचा कल कुठे आहे, हे कळायला जुलै २०२५ पुरेसा होता. महाराष्ट्राचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याच्या आरोपासह एक चित्रफीत गावभर फिरली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. फासे सोड आणि शेती कर, असा उपदेश त्यात आहे. आपण तो फक्त शेवटाकडून वाचला. भाऊंनी ती बातमी कापून बैठकीत लावली आहे. बढतीचा मार्ग म्हणून.

आता पुन्हा नळराजाकडे वळू, कारण भाऊ त्याची अर्धीच गोष्ट सांगतात. राज्य गेल्यावर नळ अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. एकदा रथातून जाताना राजाने बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून पानं आणि फळं किती ते सांगितलं. त्या काळचे फासे बेहड्याच्या फळांचेच, तेव्हा ही मोजणीची विद्या म्हणजे खेळाची किल्ली. नळाने मान डोलावली नाही. रथ थांबवला, झाड पाडलं आणि फळं मोजली. आकडा जुळला, तेव्हा त्याने ती विद्या मागितली आणि मोबदल्यात स्वतःची अश्वविद्या दिली. मग परत जाऊन एका डावात राज्य जिंकलं.

यात सगळं पुढे सारण्यापेक्षा मोजणीला जास्त जागा आहे. भाऊ ऑफिसात पैशाचा फरक निघाला, तर तीन दिवस खतावण्या चाळतात. शनिवारच्या टेबलाचा जमाखर्च मात्र त्यांनी आजवर कागदावर मांडलेला नाही. विचारलं की ते म्हणतात, “साधारण बरोबरीत आहे.” सी.ए. साहेबही बरोबरीत आहेत, इंजिनिअरही आणि प्राध्यापकही. सगळेच बरोबरीत असतील, तर भाच्याने नवी मोटरसायकल कशातून घेतली, हा प्रश्न सत्यनारायणावर सोडू.

पोकर कौशल्याचा खेळ आहे, यावर माझा भाऊंशी वाद नाही. न्यायालयांनी प्रमाणपत्र दिलं असेल, तर ते खेळाला दिलंय, खेळणाऱ्याला नाही. गाणं ही कला आहे, हे आमच्या ग्वाल्हेरला कोणी शिकवायला नको. म्हणून इथला प्रत्येक बाथरूममधला आवाज घराण्याचा होत नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्या ओळखीत कोणी बुद्धीचा खेळ खेळत असेल, तर त्याला कायदा, गणित, वेद काही विचारू नका. फक्त ‘वही दाखवा’ म्हणा. तारीख, लावले, आले, गेले, एवढे चार रकाने पुरेत. वही असेल आणि वर्षाअखेरीस बेरीज पुढे असेल, तर खुशाल त्यांना गुरू करा. वही नसेल, तर पोहे खा, वहिनींचे आभार माना आणि पाकिटाला हात न लावता घरी या.