गोटेवाले सर

दिवाळी सरली, धान कापून झाला की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दोन जातीची माणसं गावोगाव हिंडायला लागतात. एक नाटकवाले, दुसरे गोटेवाले. नाटकवाल्यांचे बॅनर लागतात, वडशात त्यांच्या बुकिंगच्या ऑफिसांत रात्रंदिवस फोन वाजतात. गोटेवाल्याला कोणी बोलावलेलं नसतं. पाठीवर सॅक, हातात हातोडी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, असा तो येतो आणि पहिल्या दिवशीच गावाच्या संशयाला पात्र होतो. सर्व्हेवाला असेल, खाणवाला असेल, नाही तर सोनं शोधत असेल. बिचारा विद्यापीठाच्या रजिस्टरात भू-रसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी असतो. पीएचडीचं कितवं वर्ष, हे मात्र त्याला विचारू नये. पृथ्वीचं वय तो न अडखळता सांगतो.

त्याची पहिली परीक्षा एसटीत होते.

"पोत्यात काय आहे?"

"गोटे."

"चंद्रपुरातले सरले का?"

इथे शहाणा माणूस लगेजचे पैसे देऊन मोकळा होईल. हा समजावत बसतो. हा बस्तर क्रेटन आहे, छत्तीसगडातून इकडे गडचिरोलीत पसरलेला, यातले कितीतरी दगड अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत. कंडक्टर शांतपणे ऐकतो. "पंच्याहत्तरीच्या वरचे असन तर फुकट आहे. पण आधार कार्ड लागते."

दगडाचं आधार कार्ड काढणं हाच आपला धंदा आहे, हे त्याला तेव्हा सुचत नाही. सुचतं ते बल्लारशाला. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉनचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे स्फटिक असतात. स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियमला आत घेतो आणि शिशाला दारातच अडवतो. मग आत जे शिसं सापडतं, ते युरेनियम झिजून झालेलं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. दोघांचं प्रमाण मोजलं की जन्मसाल हातात. त्यात दोन-चार कोटी वर्षांचा फरक निघाला तरी हा ढिम्म असतो. दहा लाखांत एक भाग क्रोमियम जास्त निघालं, तर मात्र रात्रभर झोप नाही.

याचं कारण त्याच्या मनातली विटाळाची भीती. कडक सोवळं पाळणाऱ्या आज्या गेल्या, पण त्यांचा वारसा या पोराने प्रयोगशाळेत चालवला आहे. बाटली आम्लाने धुतलेली हवी, हातात मोजे हवेत. दगड पोलादी खलात कुटायचा नाही, लोखंड-क्रोमियम लागतं. अकिकाच्या खलात कुटायचा. साखरपुड्यातली अंगठी त्याने दुसऱ्याच दिवशी काढून डबीत ठेवली, सोन्याचे कण सॅम्पलमध्ये जातील म्हणून. होणाऱ्या सासऱ्यांना त्याने हे कारण जसंच्या तसं सांगितलं. तिकडे अजून विचार चालू आहे.

वाघाची त्याला भीती नाही, असं लोक म्हणतात. खरी गोष्ट अशी की त्याला वाघ दिसतच नाही. ताडोबाच्या बफरमध्ये आठवडा काढून आलेल्याला मी विचारलं, दिसला का? "असेल," तो म्हणाला, "मी खाली पाहत होतो."

या जमातीतला माझा सगळ्यात आवडता नमुना शेणवाला. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते, साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. ती गोळा करायची, कुटायची आणि आतल्या कार्बनचे समस्थानिक मोजायचे. वनस्पतींची हवेतला कार्बन घेण्याची रीत वेगवेगळी असते. धान-गहू आणि बहुतेक झाडझुडूप एका रीतीचं, ज्वारी-मका-ऊस दुसऱ्या. पोटात गेल्यावरही ती खूण पुसत नाही. २००३ साली छापून आलेल्या संशोधनाने सांगितलं की पिसदुऱ्याचा प्राणी पहिल्या रीतीचं खात होता. २००५मध्ये त्याच शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले. तोवर गवत डायनासोर गेल्यावरच पसरलं, असं मानलं जाई. आणि २०११मध्ये त्यात धानाच्याच कुळातल्या गवताच्या खुणा निघाल्या. म्हणजे गाव कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातलं आणि प्राणी पक्का झाडीपट्टीचा! शेणवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "पुरावा तसा आहे खरा," एवढंच म्हणाला. घरी मात्र त्याने आईला अजून पोत्यात काय आहे ते सांगितलेलं नाही, कारण पोतं तिने देवघराजवळच्या कोपऱ्यात ठेवलं आहे.

पाणीवाला याहून गरीब. त्याची गाठ दगडाशी नाही, हापशीवरच्या बायांशी पडते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्यालायक नाही. दात आधी डागाळतात, पुढे हाडं आखडतात. हे फ्लोराइड कारखान्यातून येत नाही, ज्या खडकातून पाणी झिरपतं त्याच्याच खनिजांतून सुटतं. पाण्यात कॅल्शियम पुरेसं असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. नसेल आणि पाणी अल्कधर्मी असेल, तर फ्लोराइड मोकाट. म्हणून पुष्कळदा उथळ विहीर बरी आणि खोल बोर वाईट.

पण सॅम्पल घ्यायचं तर पाइपात साचलेलं पाणी आधी काढून टाकावं लागतं. हा हापसतो आहे, हापसतो आहे, पाणी वाहून चाललं आहे आणि मागे पाण्याच्या रिकाम्या गुंडांची रांग.

"काहून सांडून राहिला रे बाबू?"

"आजी, हे जुनं पाणी आहे. ताजं पाहिजे."

"मंग जुनं माह्या गुंडात टाक."

तेव्हापासून तो आधी सगळ्यांचे गुंड भरून देतो. शास्त्राचं काम होतं, दंडाचंही होतं. मग बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे समस्थानिक मोजायचे आहेत. मामा (माजी मालगुजारी) तलावातलं पाणी उन्हात उडतं तेव्हा हलकं आधी जातं, जड मागे राहतं. विहिरीत ते जडपण दिसलं की समजावं, हिला तलाव पाजतो आहे.

"तयाखालची विहीर तयाचंच पाणी पिते," आजी म्हणाली. "म्हणून गोड आहे. बोरचं नाही पिवत आमी."

हे वाक्य त्याच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आहे. आजीला फुकट मिळालेलं ज्ञान याला आलेख, तक्ते आणि मशीनच्या रांगेत काढलेले महिने खर्चून मिळालं, म्हणून हसणारे हसतात. मी हसत नाही. तलावातला गाळ काढायचा तर ऑफिसात कागद लागतो, आणि आजीच्या जिभेवर शिक्का मारता येत नाही.

त्या दिवशी त्याने वही काढली. विहिरीची खोली दोरी सोडून मोजली, अक्षांश-रेखांश लिहिले. मग रकाना आला, विहिरीचं वय.

"आजी, विहीर कधीची?"

"माह्या लग्नाच्या आंधीची."

"लग्न कधी झालं?"

"मोठा पूर आला ना, त्याच्या दुसऱ्या साली."

"पूर कोणत्या साली?"

आजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढा शिकला-सवरलेला पोरगा, आणि याला पूर माहीत नाही!

त्याने रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. आजीने दुसरा गुंड पुढे सरकवला.