आवाज आहे, मत नाही

माझी निवड झाली तेव्हा मी सभेत नव्हतोच; मागच्या मंडपात आचाऱ्याशी पुऱ्यांच्या हिशेबावरून हुज्जत घालत होतो. आत विषय निघाला की अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या जनरल कॉन्फरन्सला सामान्यजनांतून कोणाला पाठवायचं, तर ज्यांचं इंग्रजी चांगलं त्यांचे पासपोर्ट संपलेले निघाले, ज्यांचे पासपोर्ट चालू त्यांच्या घरी मे महिन्यात लग्नं निघाली, आणि उरलेल्यांनी एकमताने माझं नाव पुढे केलं, कारण नको म्हणायला मी जागेवर नव्हतो. पाळकसाहेबांनी बाहेर येऊन माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मला वाटलं, पुऱ्यांबद्दल.

तर साल 2016, गाव पोर्टलंड, राज्य ओरेगन. चार वर्षांनी एकदा भरणारं हे अधिवेशन म्हणजे त्या चर्चचं सर्वोच्च विधिमंडळ. 10 ते 20 मे, आणि अमेरिका, आफ्रिका, युरोप, फिलिपिन्स अशा ठिकाणांहून आलेले 864 प्रतिनिधी. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींनी 1744 साली लंडनमध्ये पहिली कॉन्फरन्स बोलावली तेव्हा ते धरून माणसं होती दहा. (पुढे दोन वर्षांनी वेस्लींनी चहा सोडला, आणि लोकांनीही सोडावा म्हणून लेखणी झिजवली. माझं आणि मेथडिस्ट परंपरेचं एवढ्या एकाच मुद्द्यावर वाकडं आहे.)

यात आमचं स्थान काय, तर आमचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया 1981 पासून स्वायत्त. अमेरिकेतल्या चर्चशी नातं संलग्नतेचं. अशा संलग्न चर्चकडून दोघांनी जायचं, एक पाळक आणि एक सामान्यजन. त्यांना सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. हे वाचून मी जरा हिरमुसलो, पण आमची ही एकदम निर्धास्त झाली. म्हणाली, "अहो, मग काळजी कसली? घरी काय वेगळं चाललंय!"

शेजारच्या काकांनी तिकडची उंची वाइन आणायला सांगितली, तेव्हा त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. आमच्यात प्रभुभोजनालासुद्धा द्राक्षांचा रस असतो. तो आंबू नये म्हणून 1869 साली वेल्श नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने युक्ती काढली आणि त्यातून पुढे रसाचा मोठा कारखाना उभा राहिला, वगैरे सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बरं, रेड की व्हाइट?"

प्रतिनिधींना ठरावांचे जाडजूड ग्रंथ आधी मिळतात. बॅग वजनाबाहेर गेली तेव्हा हिने त्यातला एक काढून जागा केली, आणि तिथे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू असं बसवलं. राहिला तो नेमका नियमांचा ग्रंथ. मी मनाशी म्हटलं, नियमांवाचून कोणाचं काय अडतं? तर सभागृहाने सुरुवातीचे दिवस नियमांवरच काढले! वादाच्या विषयांवर चर्चा कशी करायची, हे सांगणारा चव्वेचाळिसावा नियम घ्यावा की नाही, यावर चर्चा, त्या चर्चेवर हरकत, हरकतीवर दुरुस्ती, आणि अखेर तो नियमच फेटाळला. तोवर माझ्याकडचे लाडू संपत आले होते.

त्यात पोर्टलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. म्हणजे तिथे सकाळची प्रार्थना सुरू व्हायची तेव्हा माझं शरीर रात्रीची भांडी आवरून, गाद्या घालून झोपायला निघालेलं असायचं. कानाला भाषांतराचं यंत्र लावून एक अख्खी सकाळ मी मान डोलावत बसलो होतो. बोलणारा काय तळमळीने बोलत होता! अमेरिकन उच्चार आपल्याला जड जातात हे ठाऊक असल्यामुळे काही कळत नाही याचं वाईटही वाटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या काँगोच्या गृहस्थांनी माझ्या यंत्राकडे पाहिलं आणि मोठ्या आपुलकीने माझ्याशी स्वाहिलीत बोलायला सुरुवात केली.

दुसरा घोळ उपसमितीत झाला. हात वर करून मोजणी चालली होती आणि मला तेव्हाच, वातानुकूलनाच्या गारठ्याने घसरलेली कानटोपी सावरायची बुद्धी झाली. आकडा जुळेना. पुन्हा मोजणी झाली, तेव्हा मी समोरच्या बाईंना हातानेच खुणावत होतो की मघाचा हात माझा, तो धरू नका. तोही धरला. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. ठराव काय होता म्हणाल, तर चहाची सुट्टी दहा मिनिटं लवकर घ्यावी की नाही.

शेवटी एकदा मला बोलायची संधी मिळाली. मत नसेना का, आवाज तर होता, आणि आमच्याकडच्या खेड्यांतल्या लहान मंडळ्यांबद्दल मी खरोखर तयारी केली होती. हॉटेलच्या आरशासमोर तालीमसुद्धा केली होती. मोजकी मिनिटं होती. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो, सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आदरणीय बिशप महोदय, दूरदूरच्या देशांतून आलेले मान्यवर प्रतिनिधी, दुभाषी बंधू आणि भगिनी, आजच्या उपासनेत सुरेल गाणारा गायकवृंद, आणि ज्यांच्यामुळे आज इथे उभं राहण्याचं भाग्य मला लाभलं ते आमचे…

वेळ संपली.

अध्यक्षांनी अतिशय नम्रपणे आभार मानले. काँगोच्या गृहस्थांनी टाळ्याही वाजवल्या. परतल्यावर मंडळीत अहवाल द्यायचा होता, तेव्हा पाळकसाहेबांनी सूचनांनंतरची पाच मिनिटं दिली. त्यातली चार काय करण्यात गेली, ते सांगत नाही.

पुढे त्या चर्चमध्ये समलैंगिकांविषयीच्या नियमांवरून मोठी फूट पडली. 2019 ते 2023 या काळात अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या. आमच्याकडे अजूनही कोणी ना कोणी उपासनेनंतर मला कोपऱ्यात घेतो आणि हळूच विचारतो, "तुम्ही तिथे होतात ना? मग मत कोणाला दिलंत?" मी खरं तेच सांगतो. समोरचा निराश होऊन चहाकडे वळतो, आणि मीही त्याच्यामागे निघतो. तेव्हा वाचकहो, तुम्हाला कोणी मताशिवाय परदेशी पाठवत असेल तर बिनघोर जा. फक्त भाषणात मान्यवरांची नावं शेवटी घ्या.