बापूंची खाच

नवी वस्तू विकत आणणाऱ्या माणसाचा बापूंना राग येत नाही, कीव येते. "पैसे टाकून काय, कोणीही आणेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या घरचा मिक्सर तिसऱ्या मोटरवर चाललाय. पंख्याचा कपॅसिटर ते चहा उकळेपर्यंत बदलून खाली उतरतात. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत कोणी 'आता हे देऊन टाकू' असं नुसतं म्हणायचा अवकाश, बापू दोन मजले चढून हजर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर असतो. पेन कधीमधी घरी राहतं.

त्यांचा लॅपटॉप थिंकपॅड एक्स 220, मॉडेल 2011 सालचं. ऑफिसने भंगारात काढला तेव्हा बापूंनी तो अलगद उचलला. साडेबारा इंची पडदा, आणि ग्राफिक्स म्हणाल तर प्रोसेसरच्या पोटात जेवढं होतं तेवढंच. लेक आर्किटेक्चरला गेली, ब्लेंडरमध्ये बंगले उभारू लागली आणि एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मॉडेल फिरवताना फार अडकतंय. नवा लॅपटॉप घ्यावा लागेल." बापूंच्या कानांनी यातलं पहिलं वाक्य आत घेतलं आणि दुसरं बाहेर ठेवलं.

त्या लॅपटॉपच्या कडेला एक खाच आहे. एक्सप्रेसकार्ड तिचं नाव. 2003 साली ती निघाली ती मोबाइल मोडेम, जास्तीचे पोर्ट, कार्ड रीडर अशा किरकोळ कामांसाठी. पण तिच्या आत पीसीआय एक्सप्रेसची एक मार्गिका असते. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड जिच्यात बसतं त्याच जातीची. फरक एवढाच की डेस्कटॉपमध्ये अशा सोळा मार्गिका असतात, आणि त्याही जास्त वेगवान. तिथे सेकंदाला जवळजवळ 16 गिगाबाइट जातात, इथे फार तर अर्धा. मी हे बापूंना शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं.

"म्हणजे सोळापैकी एकच," मी म्हणालो.

"पण एक आहे ना?" बापू म्हणाले.

पुढच्या रविवारी बापू ग्राफिक्स कार्ड शोधायला लॅमिंग्टन रोडला. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं खाणकाम बंद केलं आणि दिवसरात्र राबून दमलेली कार्डं जुन्या बाजारात येऊन पडली. दुकानदार प्रत्येकाविषयी 'घरगुती वापर, साहेब' असं सांगतो. बापूंनी एक जीटीएक्स 1060 उचललं, पंखा बोटाने फिरवून पाहिला, सांध्यातली धूळ फुंकली, वास घेतला आणि म्हणाले, "घर बरंच मोठं होतं वाटतं." एवढ्यावर पाचशे रुपये कमी झाले. परतीच्या गाडीत बॅग पोटाशी धरून ते दादरपासून उभे आले; बसायला जागा मिळाली तीही नाकारली.

चीनहून 'बीस्ट' नावाची हिरवी पट्टी आली. तिच्यावर कार्ड उभं राहतं आणि तिची केबल लॅपटॉपच्या खाचेत जाते. कार्ड 120 वॉट खाणार, ते काही लॅपटॉपच्या चार्जरला झेपायचं नाही; म्हणून माळ्यावरच्या मेलेल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस खाली आला. केबलचं टोक एचडीएमआयसारखं दिसतं म्हणून ते टीव्हीला लावायचं नाही, एवढी सूचना कुटुंबाला देऊन बापूंनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर पिवळा त्रिकोण आला: कोड 12.

दुसरा कोणी इथे खचला असता. बापू मात्र खुलले. आदल्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे नुसती खरेदी होती, आता अडचण होती. झालं होतं असं, की कार्डाला आपला कारभार मांडायला पहिल्या 4 जीबीच्या पत्त्यांत सलग रिकामी जागा लागते आणि जुन्या बायोसने ती आधीच वाटून टाकलेली असते. रॅम जास्त, तेवढी ही जागा कमी. तेव्हा कॉम्प्युटरचा वेग वाढवण्यासाठी बापूंनी पहिली कृती केली ती म्हणजे निम्मी रॅम काढून ठेवली. त्रिकोण गेला. पुढे रात्री जागून त्यांनी जागावाटपाचा तक्ताच दुरुस्त करून विंडोजच्या गळी उतरवला आणि रॅम सन्मानाने परत बसवली. त्या सकाळी ते दूध आणायला गेले तेव्हा गवळ्यालाही ही हकीकत कळली.

आता दृश्य असं: जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी उघडंवाघडं कार्ड, त्याच्यामागे एसएमपीएस, आणि भावाने दिलेला मॉनिटर. मॉनिटर हवाच, कारण लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर चित्र आणायचं तर ते त्याच एका मार्गिकेतून परत यावं लागतं. घरची मंडळी जमिनीवर पंगत मांडून जेवतात. कामाच्या मावशींना टेबलाच्या चार फुटांत फडकं न्यायला बंदी, कारण चालू असताना केबल हलली की सगळं गोठतं.

"अहो, मग हा डेस्कटॉपच झाला की," वहिनी म्हणाल्या.

"छे! हा उचलून नेता येतो."

"कुठे?"

"तो वेगळा प्रश्न आहे."

खरं सांगायचं तर बापू जिंकले होते. रेंडर करताना सगळं दृश्य एकदाच कार्डात जातं आणि पुढचं काम आतल्या आत होतं. तिथे अरुंद वाट फारशी नडत नाही. लेकीचे बंगले झरझर तयार होऊ लागले. मात्र यंत्र सुरू करायचं तर आधी एसएमपीएस, मग लॅपटॉप, मग नेमक्या क्षणी खाचेत केबल, हा विधी बापूंनाच जमायचा. तिचं सबमिशन आणि बापूंची सेकंड शिफ्ट एकाच दिवशी आली की बंगले उभे राहत नसत. बापू स्वतः त्या यंत्रावर काय करतात? गेम नाहीच. ते फरमार्क नावाची चाचणी लावतात. पडद्यावर एक केसाळ मेदूवडा फिरतो, कार्ड तापतं आणि बापू तापमान वहीत लिहून ठेवतात.

एकदा मी त्यांना थंडरबोल्टची तयार पेटी दाखवली. आत कार्ड घाला, एक केबल लावा, झालं. बापूंनी पेटीला प्रदक्षिणा घातली.

"लगेच चालते?"

"लगेच."

"मग माणसाने करायचं काय?"

अखेर वहिनींनी न विचारता लेकीला नवा लॅपटॉप घेऊन दिला, आतच ग्राफिक्स कार्ड असलेला. बापूंनी तो हातात घेतला, उलटा केला आणि खालचे स्क्रू मोजले.

"याच्या वायफायच्या खाचेतही एक मार्गिका असते," ते म्हणाले.

"बाबा, यात ग्राफिक्स कार्ड आहे."

"आहे. पण एकच."

लेकीने घाईघाईने वॉरंटीचा कागद पुढे धरला. बापूंनी तो घेतला, उलटला, कोरी बाजू वर केली आणि खिशातलं पेन काढून आकृती काढायला सुरुवात केली.